दोन मिली

खालच्या दाढेला दोन मिली पुरतात.
वरचीला त्याहून कमी. तिथलं हाड विरळ,
औषध आपोआप झिरपतं. खालचं हाड हट्टी,
नस त्यात शिरते त्या दारापाशी गाठावी लागते,
आणि ते दार कधीच दिसत नाही.

तायव्वा कोगनोळीहून आली होती.
गाल सुजलेला, चार दिवस मिश्रीवर काढलेले.
वजन विचारलं तर म्हणाली, "तंबाखूचं सांगू का माझं?"
काट्यावर बेचाळीस भरली.
मी मनात हिशेब केला. लागलंच तर
आणखी द्यायला पुष्कळ वाव होता.

सुई आत. दांडा किंचित मागं ओढून बघितला:
रक्त नाही. मग सावकाश,
इतकं सावकाश की खाली निपाणी स्टँडवर
चिक्कोडीची गाडी पुकारली गेली
आणि सुटलीसुद्धा.

"स्वल्प तडीरी," मल्लेश तिला म्हणाला.
"थांबलोय की बाबा."

पाच मिनिटांनी विचारलं, ओठ जाड झाला का?
तिनं बोट नेलं ओठाशी. दाबलं. मग दुसरं बोट.
"काय समजंना गा."
सुजेत औषध नीट चढत नाही, हे आम्हाला शिकवलेलं असतं.
म्हणून आणखी एक मिली भरलं
आणि तेव्हा कुठं तिचा हात बघितला.

तीस वर्षं विड्या वळून
बोटांची टोकं काचेसारखी झालेली. एक रेघ नाही.
रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही,
दर महिन्याला सुनेला न्यावं लागतं.
ओठाला बोट कळत नव्हतं, बोटाला ओठ.
"मग जाड झालाय का बारीक, सांगू कसं?"

भरलेली सुई खाली ठेवली.
टोकदार सळईनं हिरडी टोचून बघितली.
ती छताच्या पंख्याकडं बघत राहिली.
दाढ आली, दोन्ही फाट्यांसकट.

चारपर्यंत काही चावू नका, मी म्हणालो,
आपलाच गाल आपला वाटत नाही, चावला जातो.
तिनं मान हलवली, कमरेची पिशवी सोडली,
कापूस दाबलेल्या तोंडानं नोटा मोजायला लागली.
सवयीनं बोट जिभेला लावलं,
जिभेच्या कुठल्या बाजूला, कुणास ठाऊक.

एक नोट जास्त आली होती. परत दिली.

"अशू दे की," ती म्हणाली,
"फुडच्या दाढंला."