परसातली ट्रॉलीबस

कुतैसीत वीज गेली ती गेलीच.
डेपोला कुलूप, नऊ महिन्यांचा पगार बुडालेला,
म्हणून जुम्बेरमामाने हिशेब आपल्या हाताने चुकता केला:
चार नंबरची ट्रॉलीबस दोन ट्रॅक्टर लावून
ओढत आणली आमच्या परसात.
वाटेत डाळिंबाचं झाड आडवं आलं, मग आई आडवी आली.
झाड पडलं.
आई हटली नाही, म्हणून बस जन्मभर तिरकी उभी.

तारा नाहीत, रस्ता नाही,
पण मामा रोज सहा-चाळीसला गणवेशात चाकाशी हजर.
सहा-बेचाळीसला घड्याळ बघून म्हणायचा,
लोकांना वेळेची किंमत नाही.

मागच्या सीटवर आमची कोंबडी अंडी घालायची.
तिला पास होता.
आम्हाला नव्हता.

आई धुणं वाळत घालायला आत शिरली
की घंटी वाजायची: पुढच्या दाराने चढा, बाई!
आई गणिताची मास्तरीण. ओल्या चादरीने
सख्ख्या भावाला झोडपायची,
आणि मग तिकीट काढायची.
सुटे पैसे मोजून परत घ्यायची.

त्सिउरीआत्या दर गुरुवारी बॅग भरून बटुमीला निघे.
खिडकीशी बसे, दोन तास, हॅट घालून.
संध्याकाळी घरात येऊन म्हणे, समुद्र खवळला होता आज.
नाक खरंच लाल झालेलं असे.

आणि बाबा.
बाबांना पेला उंचावून चार शब्द बोलल्याशिवाय
घोट उतरत नसे, चहाचासुद्धा.
गळक्या नळाला, शेजाऱ्याच्या खेचराला,
एकदा ताटातल्या शेवटच्या बटाट्याला.
बोलून खाली बसले, तोवर आत्याने बटाटा संपवलेला.
'दिवंगत बटाट्यास,' म्हणाले बाबा,
आणि पुन्हा उभे राहिले.

त्या फेब्रुवारीत, रात्री दोन वाजता, अचानक
वीज आली.
आई इस्त्रीकडे धावली. बाबा पेला घेऊन बल्बसमोर.
मामा लेंग्यावरच बर्फातून पळत सुटला,
तारा नाहीत हे साफ विसरून,
चाकाशी बसला, घंटी बडवली,
ओरडला: पुढचा थांबा रेल्वे स्टेशन!
काय झालं कुणास ठाऊक, आम्ही सगळेच चढलो.
आई इस्त्री हातात घेऊन, आत्या हॅटशिवाय,
बाबा बल्बची क्षमा मागून.
खिडकीतून आमचंच घर दिसत होतं, लखलखीत,
कुणा परक्याचं असावं तसं.

बारा मिनिटांनी घर विझलं.
कोणी उतरलं नाही.

मामा गेला तेव्हा बस केव्हाच भंगारात गेली होती.
त्याच्या उशीखाली वही सापडली.
ती तारीख शोधली मी.
मला वाटलं, काहीतरी लिहिलं असेल.
लिहिलं होतं:
विनातिकीट प्रवासी, चार. नावं, हुद्दे, दंड बाकी.
खाली, वेगळ्या शाईत:
कोंबडी. पास तपासला. ठीक.