पाण्यात पाहणे

बाल्जिमा,
तू पाठवलेली मांजर काल पोचली.
बेकरीच्या तराजूवर झोपलेली, पोटावर भावाची चिठ्ठी,
साडेचार किलो, काळ्या पावाच्या दरात.
इथे सिग्नल मिळतो तो फक्त
जुन्या रेल्वेच्या बोगद्याच्या तोंडाशी.
उणे सत्तावीसमध्ये, हातमोजा दातांत धरून
मी ती पाहिली आणि एकटाच हसलो.
हसण्याची वाफ मिशीवर गोठली.

बदल्यात द्यायला माझ्याकडे एवढंच:
बैकालच्या बर्फात आम्ही कापलेल्या चौकोनातून
सकाळी सीलच्या एका पिल्लानं नाक बाहेर काढलं,
विंचकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि चुकीच्या घरात शिरलेल्या पाहुण्यासारखं
ओशाळून खाली गेलं.

तो फोटो तू म्हणे औषधाच्या दुकानात, रात्री दोनला,
झोपेचे थेंब न्यायला येणाऱ्या म्हातारीला दाखवलास.
ती थेंब काउंटरवरच विसरून गेली.

माझं काम तुला ठाऊक आहे.
दोरावर काचेचे गोळे ओवायचे,
हजारभर मीटर खाली सोडायचे;
मग वरची शिकलेली माणसं
खाली बघून आकाश मोजतात.
सुतावरून स्वर्ग गाठणारे मी पुष्कळ पाहिलेत.
हे सूत पाताळात सोडतात.
आपल्या गल्लीत तर सगळेच एकमेकांना पाण्यात पाहतात,
पण ताऱ्यांना पाण्यात पाहणारे
मला इथेच भेटले.

हे मी तुला कोरडंच सांगितलं होतं.
तू त्याची गोष्ट केलीस.

तुझ्या गोष्टीत न्यूट्रिनो म्हणजे फार लाजरे आत्मे,
दार न वाजवता जातात,
भिंतीतून, लोण्यातून, घोरणाऱ्या नवऱ्यांतून.
दर सेकंदाला एकेका अंगातून लाख अब्ज,
हा आकडा माझा.
"मनावर घेऊ नका, ते आपल्याकडे आलेलेच नसतात,"
हे वाक्य तुझं.
त्यातला एखादाच सरोवरात ठेचकाळतो,
निळा ठिपका उमटतो,
आणि तळाशी बसलेली गोलोम्यांका,
ती तेलकट, पारदर्शक मासोळी,
त्याचं नाव वहीत टिपून घेते.

मी लिहिलं, तसं नाही.
तो आदळला की म्युऑन सुटतो,
पाण्यात तो प्रकाशाहून वेगानं धावतो,
म्हणून ती निळाई.
दुसऱ्या रात्रीच्या भागात
प्रकाशाच्या पुढे गेल्याबद्दल म्युऑनला दंड झाला.
तीन रूबल. शिवाय पावती.

मग वादळ. तीन दिवस बोगदा दिसेना.
झोपडीत शेगडी, बकव्हीटची खिचडी,
आणि ग्लेब अर्काद्येविच,
ज्यांना चार हंगामांत कुणी हसताना पाहिलेलं नाही.
बोलायला काही उरलं नाही तेव्हा
मी तुझी गोष्ट सांगितली, आकड्यांसकट.
पावतीपाशी विंचवरचा पोरगा बाकावरून घसरला.
ग्लेब अर्काद्येविच चहा ढवळत राहिले,
साखर कधीच विरघळली होती तरी.

तिसऱ्या रात्री, दिवा मालवल्यावर,
त्यांच्या कोपऱ्यातून आवाज आला:
"त्या कारकूनबाईंचं पुढे काय झालं?"
मी म्हणालो, सिग्नल नाही.
बराच वेळ वारा.
मग, "त्यात एक चूक आहे."
मी मनात म्हटलं, आलं आता भौतिकशास्त्र.
"ती आरपार दिसते.
खिसा नाही, पदर नाही.
मग पेन ठेवते कुठे?"

आज वादळ उतरलंय.
बोगद्याशी उभा राहून हा प्रश्न तेवढा पाठवतोय,
या खेपेला फोटो नाही.
तशी घाई काही नाही.
फक्त, मी निघालो तेव्हा
ते दारात बूट घालत बसले होते,
आणि तासाभरापूर्वीही
तोच बूट घालत होते.