उभ्या गाडीचं रीडिंग

एकतीस वर्षं मी लोकांचे मीटर वाचले.
म्हणजे वाचले दुसऱ्यांनी, बिलं मी काढली,
काँग्रेसनगरच्या ऑफिसात, खिडकीजवळच्या टेबलावर.
आता एकच मीटर उरलाय,
हातात मावणारा, पिवळा, दोन वायरींचा.
रविवारी सकाळी बॉनेट उघडते,
लाल लालला, काळी काळीला,
आणि वहीत लिहिते :
बारा पॉइंट सहा.
बारा पॉइंट चार.
बारा पॉइंट दोन, ऊन सेहेचाळीस.

गाडी राखाडी. ग्रॅच्युइटीतून घेतलेली.
तीन वर्षांत चार हजार एकशे किलोमीटर,
त्यातले निम्मे पहिल्या चार महिन्यांतले.
मग नरेंद्रनगरच्या पुलाखाली एकदा बंद पडली,
गाडी नाही, मी.
पुढे चढ, मागे हॉर्न,
क्लच कोणता ते पायाला आठवेना.
मोपेडवरचा एक पोरगा काचेशी वाकून म्हणाला,
"काकू, आरामात घ्या ना, कोणी मरून नाई राहिलं."
त्या दिवसापासून मी मेट्रोनं जाते.

पण टाकून दिली असं कोणी म्हणू नये.
संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरून झालं
की खाली जायचं, किल्ली फिरवायची,
पाच मिनिटं बसून राहायचं सीटबेल्ट लावून.
डोर्लीकर वरून ओरडत,
"ताई, गाडीला चहा पाजून झाला का?"
टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी धरली
तर गरम पाण्यात खायचा सोडा, जुना टूथब्रश,
आणि पुसून झाल्यावर व्हॅसलिन,
हिवाळ्यात टाचांना लावते तेच.

तरी नवतपाच्या तिसऱ्या दिवशी
किल्ली फिरवली आणि नुसतं टक्.
टक् टक्.
डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले,
एकमेकांकडे बघून विझले.

जगनाडे चौकातला सलामतभाई आला,
आधी काळी काढली, मग लाल.
"लावतानी उलटं, लाल आधी."
वही मागितली, पानं उलटली, हसला नाही.
"काहून जी ताई, रोज पाच मिनिटं सुरू करता अन् बंद करता?
सुरू व्हायले जेवढी खाते ना गाडी,
तेवढी पाच मिनिटांत परत येतच नाई.
तुम्ही तर रोज थोडी थोडी काढून राहिल्या."

जमा कमी, खर्च जास्त.
हे मला, मला, कुणी सांगावं लागलं.
आणि वर ते डॅशबोर्डमधलं घड्याळ,
उभ्या गाडीत रात्रंदिवस चाललेलं,
कुणीही न पाहिलेलं,
त्याचीही युनिटं तिच्याच नावावर चढत होती.

रात्री मागच्या गॅलरीत चार्जर लावला, खिडकी उघडी ठेवून.
लाल दिवा साडेचारला हिरवा झाला.
मी जागीच होते.

"आठवड्यातून एकदा फिरवा," तो म्हणाला होता,
"पाऊण तास, मधात थांबू नका.
कुठं जायचं ते बॅटरी विचारत नाई."

रविवारी सव्वापाचला वर्धा रोड.
एसी बंद, रेडिओ बंद, काचा खाली.
तिसरा गिअर, मग चौथा,
जामठ्याच्या पुढे एकदा पाचवासुद्धा.
परतताना खापरीजवळ तर्रीपोह्याचा ठेला दिसला,
पण इंजिन बंद करायची हिंमत होईना.
"एक प्लेट. इथंच द्या, खिडकीतून."
पोऱ्यानं घुरघुरणाऱ्या गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
तर्री जास्त घातली.

संध्याकाळी रीडिंग घेतलं. बारा पॉइंट सात.
किलोमीटर : एक्केचाळीस.
कारण : हा रकाना सवयीनं आखला होता,
तसाच ठेवला.

नरेंद्रनगरचा पूल मात्र टाळला, लांबून आले.
तेवढीच अकरा मिनिटं जास्त चार्ज झाली.