भट्टी

एकेचाळीस दिवस भट्टी थंड होती,
मिंगेलची पेटी घरी आली तेव्हापासून.
मिंगेल आला नाही. जहाजवाल्यांनी कळवलं,
समुद्र शांत होता, रात्र स्वच्छ होती,
सकाळी परातीत पीठ मळलेलं होतं,
मळणारा नव्हता.

पेटी पत्र्याची. कुलूप कंपनीचं.
फिलसूनं ती आल्तारीखाली सरकवली
आणि वर चादरीची घडी ठेवली,
जणू पेटीला थंडी वाजेल.

फादर आले. चांगला माणूस, पोरगेलासा.
म्हणाले, काका, तुम्ही तर पाववाले,
रात्रभर झाकलेलं पीठ पहाटे उठतं,
तुम्हाला मी काय सांगू?
मी मान हलवली.
पण फादर, पाववाला आहे म्हणूनच ठाऊक आहे,
काही रात्री माडी उतरलेली असते.
पीठ सकाळी तसंच, ओल्या मातीसारखं.
डुकरांना घालावं लागतं.
हे बोललो नाही. ते अर्धा चहा टाकून गेले.

मिस्साला जायचो. मागच्या बाकावर, चपलांजवळ.
सगळे म्हणत तेव्हा ओठ हलवायचो.
रोजच्या भाकरीची ओळ आली
की जीभ टाळूला चिकटायची.
तीस वर्षं मी देवाकडे ती मागायचो
आणि त्याच्या वतीनं उभादांड्याला
सायकलवरून पोचवायचो.
आता दोघांचंही काम बंद.

द्वारकाबाय तांडेल दारात टोपली उतरवायची.
तिचा माणूस गेला त्याला नऊ वर्षं, तोही सापडला नाही.
केळीच्या पानावर चार बांगडे ठेवून
नुसती बसायची. एकदा म्हणाली,
"तुमच्या देवाक तरी खिळे दिसतत.
आमका नुसतो दर्या दिसता."
आणि उठून गेली.

त्या रात्री मी क्रुसाकडे पाहिलं,
हात न जोडता, पहिल्यांदाच.
गुडघे फुटलेले. बरगड्या मोजता येतील अशा.
म्हटलं, तुझी आई खाली उभी होती रे.
फिलसूनं कुठं उभं राहायचं?
पाण्यावर?
तो काही बोलला नाही.
मानही वळवली नाही त्यानं.
तेवढ्यावर मी झोपलो, कित्येक दिवसांनी.

मग तिठ्यावरच्या क्रुसाची लदीन आली.
पास्कू न सांगता माडीचं मडकं ठेवून गेला.
रात्री तीनला कुलूप फोडल्याचा आवाज.
बाहेर येऊन बघतो तर भट्टीघरात दिवा,
फिलसूच्या अंगावर मिंगेलचा पांढरा एप्रन,
खिशावर जहाजाचं नाव, खाली घोट्यापर्यंत लोंबणारा.
कोपरापर्यंत हात पिठात.
"लाकडां घाल," म्हणाली.
सहा आठवड्यांत तेवढेच शब्द.
मी सुरूची लाकडं घातली, करवंट्या घातल्या,
धूर डोळ्यांत गेला, बरंच झालं.

पीठ उठलं का?
अर्धं उठलं.
माडी जरा कच्ची, आमचे हात जरा विसरलेले.
तिनं एकेका गोळ्यावर बोटानं क्रूस काढला.
शेवटच्यावर बोट थांबलं.
मग तिथंही काढला.

संध्याकाळी वाऱ्यात मेणबत्त्या विझत राहिल्या,
सांतानचं व्हायोलिन नेहमीसारखं बेसूर,
चण्यांबरोबर आम्ही ते चपटे पाव वाटले.
पोरांनी दोन दोन घेतले.
द्वारकाबाय लांब रस्त्यापलीकडे उभी होती.
तिला नेऊन दिला. दाताखाली मोडून म्हणाली,
"बरो भाजलो हा."

आता रोज भट्टी पेटते.
दुःख कमी झालं असं कुणाला सांगू नका.
भाकरीच्या ओळीशी मी अजून अडखळतो,
तेव्हा शेजारून फिलसूचा आवाज येतो
आणि ती ओळ पुढं ओढून नेतो,
होडी वाळूवरून ओढतात तशी.
त्यापुढची ओळ क्षमेची.
ती दोघांनाही जड जाते.
देवळाचं दार उघडं असतं,
समोर दर्या.