कधीतरी

एफीने लोणी-साखर फेसली,
ओट्स, मनुका घालून लिंबाएवढे गोळे केले,
ताटात सुटे सुटे गोठवून पिशव्यांत भरले.
एकीवर पेन्सिलीने लिहिलं: नाताळ.
दुसरीवर: डंकन बोटीवरून आला की.
तिसरीवर नुसतंच: कधीतरी.

सप्टेंबरात केप ब्रेटनवर वादळ आलं.
खांब आडवे, फ्रीझर मुका.
तिसऱ्या दिवशी गोळे बोटाला मऊ लागले.

ओव्हन तेवढा गॅसवरचा.
कंदील लावून तिने रॉरीला हाक मारली,
ज्याच्याशी कुंपणावरून
चार वर्षं अबोला होता.
"ये. नाताळ आहे."

दारात बूट काढत तो म्हणाला,
"आणि डंकन?"

"त्याचा वाटाही तूच खा.
थंड होऊ देऊ नकोस."