त्रूहे

निबंधाचा विषय होता : ‘घरून मी काय आणलं.’
परत आला तो एका लाल वर्तुळासकट.
इतकं गोल, इतकं सावकाश काढलेलं,
की जणू आतला शब्द सुटून पळाला असता.

त्रूहे. आणलं मी.
समासात डॉक्टर आर्रिएतांचं मुंगीएवढं अक्षर :
‘त्राहे. असं कुणी म्हणत नाही.’
अर्धा गुण वजा.

कुणी नाही म्हणजे आम्ही घरातले सहा जण.
कुणी नाही म्हणजे माझे वडील, क्रेसेन्सियो तारांगो.
मेसिया खोऱ्यात, दुसऱ्याच्या पेकान-बागेत
झाडं हलवणारं यंत्र चालवतात.
रात्री जेवायला बसले तरी मनगटं थरथरत असतात,
चमचा ताटाला वाजतो.
मग खिसा उलटा करतात,
अक्रोडाच्या भावकीतले ते लांबट दाणे, निम्मे फुटके,
टेबलावर घरंगळतात,
आणि म्हणतात : त्रूहे.

माझ्या बाकावर विंडहॅम बसतो, डॅलसचा.
माद्रिदला एक सेमिस्टर काढून आलाय,
‘ग्रासियास’ला ‘ग्राथियास’ म्हणतो.
त्याला पैकीच्या पैकी.
मधल्या सुट्टीत विचारतो, तू कशाला घेतलंस स्पॅनिश,
तुला तर येतं.

येतं.
वडिलांना चौथीत छडी बसायची,
कारण तोंडातला शब्द स्पॅनिश असायचा.
माझा अर्धा गुण गेला,
कारण तो पुरेसा स्पॅनिश नव्हता.
इथली नदी नकाशात बारा महिने निळी आहे.
ऑक्टोबरनंतर जाऊन बघा,
पोरं तिच्या पात्रात मोटरसायकली उडवतात.

मंगळवारी तीन वाजता जुनं साहित्य.
पडदे ओढलेले, डोंगरांचे सुळके बाहेरच राहिलेले.
आर्रिएतांनी एक पत्र वाचायला घेतलं,
चारशे वर्षांपूर्वी कुणा शिपायानं आईला लिहिलेलं :
सोनं नाही आणलं, आई. ताप आणला.
आणि तिथे, ‘आणला’च्या जागी,
अंडं तळहातावर धरावं तसा अलगद
त्यांनी तो उच्चारला.
त्रूहे.

मी हात वर केला.
मला भांडायचं होतं. सकाळपासून वाक्य रचून ठेवलं होतं,
क्रियापदं तपासून, काळ जुळवून.
तोंडातून एवढंच आलं :
सर, हे आमच्याकडे म्हणतात.

‘पुन्हा म्हणा.’

म्हटलं.

‘असं नाही. वाचल्यासारखं नको.
घरी म्हणतात तसं.’

मग मी वडिलांसारखं म्हटलं,
शेवटचा स्वर अर्धा गिळून,
खिसा उलटा केल्यासारखं.

त्यांनी चष्मा काढला.
म्हणाले, एकतीस वर्षं या पत्रावर घालवली.
बुर्गोसजवळच्या माझ्या गावात
माझ्या आजोबांनाही हा शब्द माहीत नव्हता.
कागदावर हजारदा पाहिला.
माणसाच्या तोंडून आज.

विंडहॅमनं वहीत उतरवून घेतला.
स्पेलिंग विचारलं. मला.

अर्धा गुण काही परत मिळाला नाही.
परीक्षेत ‘त्राहे’च लिहायचं, त्यांनी पुन्हा बजावलं,
मात्र बजावताना माझ्याकडे न बघता
खडूचा डबा नीट लावत बसले.
मीही ‘त्राहे’च लिहिते. शिकायला आलेय.

रविवारी घरी गेले.
कालव्यात पाणी सोडलं होतं,
बागेत झाडं घोट्यापर्यंत बुडून उभी.
वडिलांना विचारलं,
तो शब्द तुमच्याकडे कुठून आला?

‘कुठला?’

म्हणून दाखवला.

त्यांना प्रश्नच कळला नाही.
‘कुठून म्हणजे?’ म्हणाले,
‘हात पुढे कर.’