मुठा-सतरा

भोसरीहून पिंप आलं की इरफान तांबोळी
आधी हात पुसतो, मग सही मागतो.
पिंपात काळपट, चिकट, साबणाच्या वासाचं काहीतरी:
फरसाणवाल्यांचं तळून तळून थकलेलं तेल
मोटारीचं इंधन होऊन पुढे गेलं,
हे त्याच्या तळाशी उरलेलं.
"मॅडम, हे फुकटसुद्धा कुणी नेत नाही," तो म्हणतो,
"तुम्हीच एक पैसे मोजता."

मला ग्लिसरीन ठाऊक होतं ते बाटलीतलं,
गुलाबपाण्यात मिसळून
झोपताना टाचांच्या भेगांना लावायचं.
हे त्याचंच भावंड,
फक्त कारखान्यात राबलेलं.

पाषाणच्या या खोलीत माझी पाळी रात्रीची.
पाच लिटरचं काचेचं भांडं, त्यात नायट्रोजनचे बुडबुडे,
कारण आमच्या पाहुण्यांना हवा सोसत नाही.
डेक्कनच्या पुलाखालच्या गाळातून
शाल्मली गद्रेनं त्यांना उचललं,
गमबूट घालून, नाक दाबून, स्टीलच्या चमच्यानं.
वहीत नाव घातलं: मुठा-सतरा.
एक ते सोळा कुठे गेले, ते विचारू नका.
शाल्मली आता डेल्फ्टला असते.
सतरा इथेच आहे.

आई फोनवर विचारते, रात्रभर काय करतेस गं?
विरजण लावते, म्हटलं.
"दही लागतं का मग?"
नाही. एक-तीन-प्रोपेनडायॉल.
ती जरा थांबते.
"त्याची कढी होते?"
धागा होतो, आई. गालिचे होतात.
"गाळातले किडे गालिचे विणतात," ती बाबांना सांगते,
आणि ते मला खोडून काढता येत नाही.

पहिल्या खेपेला सगळे मेले.
पिंपात मीठ फार होतं, मिथेनॉलही राहिलेलं.
दुसऱ्या खेपेला फेस आला,
झाकणातून वर, नळीतून बाहेर,
टेबलावरून थेट माझ्या चपलेत.
तिसऱ्या खेपेला गुरुवार उजाडत होता.

गुरुवार म्हणजे लाइट जाणार, हे पुण्यात पोरांनाही माहीत,
पण पहाटे तीनला?
ढवळणी थांबली. पडदा काळा झाला.
सिलिंडर तेवढं अंधारात बुडबुडत राहिलं.
सदतीस अंश. पस्तीस. तेहेतीस.
मी माझी शाल भांड्याभोवती गुंडाळली
आणि दोन्ही हातांनी धरून बसले,
काय धरलंय ते दिसत नसताना.

लाइट आली पावणेपाचला.
आम्ल वाढलं की अल्कलीचा पंप टिकटिकतो;
टिक म्हणजे ते जेवतायत.
मी कान देऊन बसले.
टिक नाही.
बाहेर दूधवाल्याची मोटारसायकल.
टिक नाही.
भांड्याच्या तोंडाशी नाक नेलं.
नासलं आणि आंबलं यात फरक असतो,
आणि तो यंत्राआधी नाकाला कळतो.
मला वाटलं, आंबलंय.
मग, अगदी अनिच्छेनं,
टिक.

सकाळी जिना उतरताना माझंही अंग आंबलेलं.
भाषेनं हा एकच शब्द दोघांना का दिला असेल,
याचा विचार करत मी बसथांब्यावर उभी.

लिटरमागे बावीस ग्रॅम निघालं.
डॉक्टर इनामदारांनी चष्मा कपाळावर चढवला.
"साठ हवेत," म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "पण जगले ना?"

बाकीच्यांना मीच वाफेत घातलं,
एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं, नियमाप्रमाणे.
मूठभर तेवढे वाचवून ठेवले
बोटाएवढ्या नळीत, उणे ऐंशीच्या कपाटात.
तिथे बर्फाच्या सुया पेशी फोडतात,
म्हणून झोपवताना वर थोडं घालायचं असतं
ग्लिसरॉल.

जे खाऊन ते जगले, तेच पांघरूण.
नळीवर तारीख घातली.
खाली फाटकाशी इरफान हॉर्न वाजवतोय,
नवं पिंप घेऊन.